थोरली, धाकटी आणि अकरा चाळीस

आमच्या वाचनालयात आता काही बंद पडलं की एका नंबरवर फोन करायचा असतो. पलीकडची मुलगी फार गोड आवाजात विचारते, "सर, एकदा बंद करून चालू केलं का?" आपण हो म्हणतो. मग ती आपल्या तक्रारीला एक क्रमांक देते, आणि क्रमांक मिळाल्याच्या समाधानात आपण घरी जातो. यंत्र कुठल्या गावात आहे, कुठल्या देशात आहे, ते तिलाही माहीत नसतं. पूर्वी ते जिन्याखालच्या खोलीत होतं, आणि बंद पडलं की वायरमनना हाक मारायची.

वायरमन हे त्यांचं पदही होतं आणि नावही. त्यांना नोकरीवर घेतलं होतं ते पंखे आणि ट्यूबलाइट यांच्यासाठी. पुढे वाचनालयाला सर्व्हर आला, म्हणजे ज्याच्या पोटात पुस्तकांची सगळी यादी राहते तो मोठा संगणक, तेव्हा कार्यकारिणीत प्रश्न निघाला की हा द्यायचा कुणाच्या ताब्यात. बराच खल झाला. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "तो चालतो कशावर?" कुणीतरी म्हणालं, "विजेवर." "मग वायरमन," असं म्हणून अध्यक्षांनी पुढचा विषय घेतला. या न्यायाने ग्रंथपालबाईही वायरमनच्याच ताब्यात जायला हव्या होत्या, कारण त्याही पंख्याखाली बसत.

वायरमननी कुरकुर केली नाही. सर्व्हरबरोबर आलेली जाडजूड माहितीपुस्तिका त्यांनी रीतसर स्वतःच्या कार्डावर घरी नेली. बाईंनी दर चौदा दिवसांनी तिची मुदत वाढवून दिली. असं सहा वर्षं चाललं. त्या पुस्तिकेला दुसरा वाचक आला नाही, पण नियम तो नियम. मी देवघेवीच्या खिडकीवर होतो, तो शिक्का मीच मारायचो.

त्यांची तपासणीची पद्धत पुस्तिकेत नव्हती. ते आधी हाताची पालथी बाजू यंत्राच्या पाठीला लावत, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग डोळे मिटून पंखे ऐकत. मग वास घेत. दिवे कुठल्या रंगाचे आहेत हे सगळ्यात शेवटी बघत, कारण "दिवे काय, खोटंही बोलतात. वास खोटं बोलत नाही." त्यांच्या घरची सांगायची, लग्नाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, हे एकटे वर लोंबणाऱ्या बल्बकडे. कुणाच्या घरी गेले की पाहुणचार राहायचा बाजूला, हे फ्रिजमागे. "मेहुणीच्या नव्या फ्रिजच्या पाठीवरून हात फिरवत होते," ती म्हणायची. "माझ्या पाठीवरून कधी फिरवला असेल तर शपथ."

वायरींना त्यांनी नावं दिली होती. पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईने लिहून ती प्रत्येक वायरीला दोन्ही टोकांना गुंडाळलेली असत. सर्व्हरच्या पाठीला वीज घेणारे दोन पॉवर सप्लाय होते. एक गेला तर दुसऱ्याने सगळा भार ओढायचा अशी सोय. त्यांच्या वायरी म्हणजे थोरली आणि धाकटी, घरातल्या दोन सुना. वाचनकक्षातल्या संगणकांकडे जाणारी वायर माहेर, बाहेरच्या जगाकडे जाणारी सासर. "माहेरून रोज निरोप येतो. सासरहून आला की छातीत धस्स होतं." या वायरी जिथे एकत्र येत तो स्विच म्हणजे मामा, कारण तो सगळ्यांची गाठ घालून देई. आणि वीज गेली तर दहा मिनिटं सगळ्यांना तगवून धरणारी यूपीएसची पेटी म्हणजे आजोबा. "रोजचं काम काही नाही," वायरमन म्हणायचे, "पण घरात असले की आधार."

त्यांच्या नियमांत एक होता, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दुसरा, वायरीला दोन टोकं असतात आणि माणूस जवळचंच बघतो. तिसरा नियम वहीचा. जे झालं ते वहीत लिहायचं, पण कुणामुळे झालं ते लिहायचं नाही. त्यामुळे त्यांच्या वहीत सगळं आपोआप घडत असे. 'मामावर चहा सांडला गेला.' 'माहेरची वायर टेबलाच्या पायाखाली आली.' टेबल सरकवणारा आणि चहा पिणारा या वहीत जन्मालाच येत नसे.

यावरून त्यांचं आणि बाईंचं कायम वाजायचं. बाईंनी जन्मभर पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या, आणि नोंदीत पहिला रकाना कर्त्याचा.

"चहा सांडला गेला म्हणजे काय हो? कर्ता कुठाय?"

"कर्ता लिहिला बाई, की माणसं चहा लपवतात. मग मला मामाचं दुखणं कळत नाही."

"आमच्याकडे कर्त्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही."

"तुमची पुस्तकं बंद पडत नाहीत ना, म्हणून."

बाई म्हणजे आमच्या ग्रंथपाल. उंच, बारीक चष्म्याच्या. त्यांच्या अक्षराबद्दल असं सांगत, की छापखान्याने त्यांच्या नोंदी बघून स्वतःचे अक्षरांचे खिळे बदलले असते, परवडलं असतं तर. वाचनालयाची त्रेचाळीस हजार पुस्तकं त्यांनी एकटीने सर्व्हरमध्ये भरली होती, अकरा वर्षं, रोज बारा-तेरा नोंदींच्या चालीने. आणि ती नुसती यादी नव्हती. कुणी टोपणनावाने लिहिलंय, कुठल्या प्रतीत पान एकशे बारा नाही, कुठल्या कादंबरीच्या समासात एका अज्ञात वाचकाने खुनी कोण ते पहिल्याच प्रकरणात लिहून ठेवलंय, तेही तिथे होतं. भरून झालं तेव्हा जुन्या कार्डांचे लाकडी खण कार्यकारिणीने एका दुकानदाराला देऊन टाकले. तो त्यांत स्क्रू ठेवतो, आजही. कार्डं रद्दीत गेली. सर्व्हरची एक नक्कल टेपवर होती, पण ती टेप वाजवणारं यंत्र तिच्याआधी वारलं होतं.

बाईंच्या निवृत्तीला दोन महिने राहिले असतानाची ही गोष्ट. नवा सर्व्हर आला होता आणि जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घ्यायचं होतं. नेमकं तेव्हाच वायरमनचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि ते रजेवर गेले. त्यांची पाठ वळताच कार्यकारिणीला जिन्याखालची खोली रंगवायची हुक्की आली. रंगारी म्हणाले, सगळं बाहेर काढा. काढलं. रंग वाळल्यावर बाईंनी कुणाला हात लावू दिला नाही. खोलीत एकट्या गेल्या, पट्ट्या वाचून एकेक वायर स्वतः जोडली आणि हात पुसत बाहेर आल्या. सगळे दिवे हिरवे होते.

दुसऱ्या दिवशी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, सर्व्हर बसला. वाचनकक्षातले सगळे संगणक एकदम आंधळे झाले. वीसएक मिनिटांनी तो आपला आपण उठला, जसं काही झालंच नाही. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशीही.

नक्कल उतरवायला तीस तास लागणार होते. यंत्र म्हातारं, त्याची चाल बैलगाडीची. म्हणजे कधीही सुरू करा, मध्ये एक अकरा चाळीस येणारच, आणि सगळं पहिल्यापासून.

कंपनीचा इंजिनिअर आला. तरुण, नीटनेटका, बोलायलाही बरा. तो यायचा दुपारी तीनला, आणि दवाखान्यात पाऊल टाकताच दात दुखायचा थांबावा तसा सर्व्हर त्याच्यापुढे शहाण्यासारखा वागायचा. त्याने नेटवर्कचं कार्ड बदललं. अकरा चाळीस. थोरलीचा पॉवर सप्लाय बदलला. अकरा चाळीस. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, असं आठवडाभर चाललं. शेवटी तो म्हणाला, "पॉवरही जातं, नेटवर्कही जातं. दोन्ही एकदम म्हणजे मदरबोर्ड. हा गेला. आतल्या दोन डिस्कपैकी एक आधीच मेलीय, दुसरी प्रत्येक वेळी कण्हत उठतेय. अजून दोन-तीनदा आपटला, की आतलं काही मिळायचं नाही."

अध्यक्षांनी मंगळवारी बैठक बोलावली. ठरलं असं, की शुक्रवारी इंजिनिअरने जुनं यंत्र घेऊन जावं आणि नवी यादी नव्याने सुरू करावी.

"आणि त्रेचाळीस हजार?" बाईंनी विचारलं.

"बाई, पुस्तकं कुठे पळून चालली आहेत? कपाटात आहेत ना! यादी काय, होईल हळूहळू."

"अकरा वर्षं लागली."

"म्हणूनच म्हटलं, हळूहळू."

बाई उठल्या. खिडकीवर माझ्याजवळ आल्या, शिक्क्याची शाई संपली आहे का ते बघितलं, संपली नसताना संपली आहे असं म्हणाल्या, आणि आत गेल्या. बाईंना चुकीचं वाक्य बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मी वायरमनच्या घरी गेलो.

बुधवारी साडेदहाला ते आले. काळा चष्मा, एका डोळ्यावर पट्टी, मागून घरची, हातात औषधांची पिशवी.

"वाकायचं नाही, उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही," त्यांनी आम्हालाच बजावलं. "डॉक्टरांनी सांगितलंय."

"आणि बोलायचं नाही, ते मी सांगितलंय," वायरमनची घरची म्हणाली.

"ते तू वीस वर्षं सांगतेयस."

खोलीत रॅकपुढे स्टूल ठेवलं. त्यावर ते बसले, एखाद्या आंधळ्या न्यायाधीशासारखे. वाकायचं माझ्याकडे आलं. मी सर्व्हरच्या पाठीमागे शिरलो आणि ते सांगतील तसं करत गेलो. थोरली काढ. काढली, धाकटीवर यंत्र उभं. थोरली लाव, धाकटी काढ. तरीही उभं. "म्हणजे दोघी धडधाकट." मग माहेरची वायर मामाच्या दुसऱ्या खिडकीत, म्हणजे शेजारच्या खाचेत, लावायला सांगितली. दिवा हिरवा. वायर बदलायला सांगितली. हिरवाच. रोगी पलंगावर बसून डॉक्टरांची चौकशी करत होता.

"दुखणं वायरीत नाही, खिडकीत नाही, सुनांत नाही," वायरमन म्हणाले. "आणि दोन दुखणी एकदम आली की समजायचं, आजारी तिसराच आहे. आता वाट बघायची."

"कशाची?" बाईंनी विचारलं. त्या दारात उभ्या होत्या. घड्याळात अकरा पंधरा झाले होते.

"अकरा चाळीसची."

"म्हणजे पुन्हा पडू द्यायचा?"

"पडताना बघितल्याशिवाय पाय कुठे घसरतो ते कळायचं नाही."

"वायरमन, तो म्हणालाय अजून दोनतीनदा. त्यातला हा एक झाला. नाही उठला तर?"

वायरमननी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्याने काही फरक पडणार नव्हता, डोळा पट्टीखालीच होता. "तुम्ही नको म्हणालात तर आत्ता उठतो," ते म्हणाले. "यादी तुमची आहे."

बाईंनी एकदा त्या रॅककडे बघितलं. मग कोपऱ्यातली पुठ्ठ्याची पेटी ओढून तिच्यावर बसल्या. "बघा," म्हणाल्या.

ती पंचवीस मिनिटं आम्ही चौघं घड्याळाकडे बघत बसलो. फक्त वायरमनच्या घरचीने मध्ये एकदा डोळ्यात थेंब घातले. बरोबर अकरा चाळीसला टक् असा आवाज झाला, सुपारी फोडल्यासारखा. मामाचे दिवे गेले, सर्व्हरचे पंखे थांबले, आणि त्या शांततेत बाईंनी श्वास घेतलेला ऐकू आला. मग पुन्हा टक्, आणि सगळं घरघरू लागलं.

"टक् कुठून आलं?" वायरमननी विचारलं.

"सर्व्हरमधून," मी म्हणालो.

"तुझे कान पुस्तकं देऊन देऊन गेले. खालून आलं. आजोबा." ते बाईंकडे वळले. "बाई, रंग झाल्यावर ही खोली चालू केलीत, ती कितीला?"

बाईंकडे अर्थातच लिहून ठेवलेलं होतं. पर्समधून डायरी काढली, पान उलटलं, आणि त्या बघतच राहिल्या.

"अकरा चाळीस."

"झालं तर. आजोबा चालू केल्यापासून दर चोवीस तासांनी एकदा स्वतःची परीक्षा घेतात. घरची वीज क्षणभर सोडायची आणि आपल्या बॅटरीवर उभं राहून बघायचं, पाय चालतात का. पाय गेलेत. उभे राहिले की कोसळतात, आणि जो कोणी त्यांच्या काठीला धरून असेल तो त्यांच्याबरोबर. मामा त्यांच्यावर, म्हणून नेटवर्क गेलं. थोरली त्यांच्यावर. पण धाकटी..." ते थांबले. "धाकटी भिंतीच्या सॉकेटवर असते. दोघींची चूल वेगळी, मुद्दाम. एकीची विझली तर घर उपाशी राहू नये. मग धाकटी असताना सर्व्हर पडला कसा? जरा खाली बघ रे, दुसरं टोक."

मी वाकायच्या आत बाई बोलल्या. "बघू नका. दोन्ही आजोबांवरच आहेत. मी लावल्यात." त्या उभ्या राहिल्या होत्या. "भिंतीचा सॉकेट साधा वाटला मला. म्हटलं, एवढी चांगली पेटी आहे, तर दोघींनाही तिथेच... जास्त सुरक्षित."

अकरा वर्षांचं काम बुडवायला निघालेला हात कुणाचा, ते खोलीतल्या सगळ्यांना कळलं होतं. आठवडाभर आम्ही सगळे वायरीचं जवळचंच टोक ओढत बसलो होतो.

"पट्टीवर कोण ते लिहिलंय, कुठे ते नाही," वायरमन शेवटी म्हणाले. "आणि बॅटरी कधीचीच मेली असणार. परीक्षा तेव्हा रात्री कधीतरी होत असेल, मामाचे दिवे गेलेले बघायला कोण? धाकटी मुकाट्याने सगळं ओढत होती, म्हणून कुणाला पत्ता नाही. घरोघरी तेच."

"तेच," वायरमनची घरची म्हणाली.

मी धाकटी भिंतीला लावली, मामालाही भिंतीला लावलं. सर्व्हर कण्हत का होईना, पण उठला. साडेबाराला नक्कल सुरू केली.

गुरुवारी सकाळी अकरा पस्तीसला जिन्याखालच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. देवघेवीची खिडकी बंद करून मी आत, वर्तमानपत्रांच्या टेबलावरचे दोन नेहमीचे म्हातारे आत, आणि अध्यक्ष, सहज इकडून चाललो होतो म्हणून, आत. टक् झालं. मामाचे दिवे तसेच. पंखे तसेच. पडद्यावरचा आकडा तेहतीस हजार दोनशेच्या आसपास होता, तो एकने वाढला. बाईंनी पदराने चष्मा पुसला. एक म्हातारा निराश होऊन म्हणाला, "काही झालंच नाही की!" त्या खोलीत त्याहून चांगली बातमी कुणी कधी दिली नव्हती.

संध्याकाळी साडेसहाला त्रेचाळीस हजार पूर्ण झाले. शुक्रवारी इंजिनिअर आला, जुनं यंत्र उचलून गाडीत ठेवलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, "काय होतं हो?" वायरमन म्हणाले, "म्हातारपण." त्याने मान डोलावली आणि तेच लिहून घेतलं.

मग त्यांनी वही मागितली. वाचायला बंदी होती म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेलो. 'आजोबांची बॅटरी बदलायची राहून गेली. रंगकामानंतर दोन्ही वायरी एका जागी लावल्या गेल्या. नक्कल पूर्ण.' बाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, वही ओढली, आणि पहिल्या वाक्याखाली त्यांच्या त्या छापील अक्षरात लिहिलं: 'कर्ता: वायरमन.' दुसऱ्याखाली: 'कर्ता: ग्रंथपाल.' तिसऱ्याखाली त्या जरा थांबल्या. मग लिहिलं: 'कर्ते: वरील दोघे.'

"वही बिघडवलीत," वायरमन म्हणाले.

"आता कपाटात ठेवता येईल," बाई म्हणाल्या.

आणि ठेवलीही. रीतसर दाखल क्रमांक देऊन, तांत्रिक विषयांच्या कपाटात, त्या सहा वर्षं मुदत वाढवलेल्या पुस्तिकेशेजारी. बाईंची ती शेवटची नोंद. वायरमन आणखी वर्षभर होते. जिन्याखालच्या खोलीत आता झाडू आणि खुर्च्या असतात. भिंतीवरच्या साध्या सॉकेटच्या वर एक पांढरी पट्टी मात्र अजून चिकटून आहे: 'धाकटी इथे.' ती त्यांनी त्या शुक्रवारीच लावली.

त्यांचा डोळा उघडला तो पुढच्या महिन्यात, बाईंच्या निरोपाच्या आदल्या दिवशी. ते सरळ कपाटाकडे गेले, वही काढली आणि खिडकीपाशी उजेडात धरली. वाचायला तीन ओळी, पण बराच वेळ बघत होते. बाई टेबल आवरत होत्या.

"काय, चूक सापडली?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"नाही," वायरमन म्हणाले. "अक्षर छान आहे हो तुमचं. इतकी वर्षं मला पुसटच दिसायचं."